पळसाच्या पानांची टोपी

आठही टेस्टर पहिल्याच दिवशी दुपारी बाराच्या आत मेले. मेले ते गेममध्ये, पण तो रिपोर्ट मी तीनदा वाचला.

"काहून मरून राहिले वं सारे?" नितीनभाऊंनी विचारलं. नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या सहा जणांच्या स्टुडिओचे ते मालक. गेमला पैसा लावणारी कंपनी बंगळूरची, टेस्टरही तिथलेच. तिथल्या कुलकर्णी मॅडम चार वाजता कॉलवर स्वतः खेळून बघणार होत्या. नाही पटलं तर प्रोजेक्ट बंद आणि आम्ही सहाही घरी. ऑफिसच्या घड्याळातही बारा वाजून गेले होते.

आमचा सर्व्हायव्हल गेम. उन्हाळ्यातल्या जंगलात हरवलेल्या माणसाला जगवायचं. सापडलेल्या वस्तूंतून नव्या वस्तू करायच्या, त्याला क्राफ्टिंग म्हणतात; कशापासून काय होतं ती रेसिपी. टंचाई किती ठेवायची हे माझं काम. फार ठेवली तर खेळाडू वैतागतो, कमी ठेवली तर जांभया देतो. पहिल्या दिवशी मी एकच कापड दिलं होतं. त्याचं बँडेज करा, मशाल करा, नाहीतर डोक्याला दुपट्टा. या हिशेबाचा मला गर्वच होता.

ऑफिसात आम्ही हा दिवस कितीतरी वेळा खेळलो होतो. उन्हानं कोणी मेलं नव्हतं.

टेस्टरचं रेकॉर्डिंग लावलं. पहिल्यानं कापडाची मशाल केली आणि भर उन्हात चालू लागला. दुसऱ्यानंही तेच. आमची आर्टिस्ट वैशाली मागून बघत होती.

"डोक्याले काहीच नाही बांधलं यानं," ती म्हणाली. "मे महिन्यात."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आम्ही सगळे आधी दुपट्टा करत होतो. ठरवून नव्हे. नागपुरात मे महिन्यात घराबाहेर पडताना हात आपोआप दुपट्ट्याकडे जातो, तसा गेममध्येही जात होता. बंगळूरच्या पोरांना ते सुचणार कसं? आणि कापड संपलं की उन्हापासून वाचायचा दुसरा उपाय मी ठेवलाच नव्हता.

"दहा कापडं टाकून दे, विषय संपव," नितीनभाऊ म्हणाले.

"सगळंच मिळालं तर खेळायचं कशाला, भाऊ?"

"ते मले नको सांगू. मॅडमले काय दाखवू?"

मी गेममधल्या वस्तूंची यादी पुन्हा उघडली.

वैशाली सावनेरकडच्या खेड्यातली. ती म्हणाली, "पळसाचे पानं आहेत ना गेममध्ये. नुसते शोभेले ठेवले. पत्रावळीसारखे काडीनं टाचले का टोपी होते."

तीन तासांत टोपी बसवली. पण फुकटात नाही. पानं वाळून गळतात, मग थांबून पुन्हा तोडावी लागतात. किती वेळात गळावीत तो आकडा मी अंदाजानं टाकला, तपासायला वेळ नव्हता. उन्हात पाऊल पडताच पात्र डोक्यावर हात ठेवतं, एवढी खूण दिली.

चारला कॉल लागला. मॅडमनी सगळ्यात आधी कापडाची मशाल केली. नितीनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पात्रानं डोक्यावर हात ठेवला, तरी मॅडम चालतच राहिल्या. पात्राचा जीव निम्म्यावर आला, मग पावावर. माझ्यात तेवढाही उरला नव्हता.

पळसाखाली त्या थांबल्या. "ही पानं तोडता येतात का?"

आम्ही गप्प. खेळणाऱ्याला उत्तर सांगितलं तर टेस्ट वाया.

त्यांनी तोडून पाहिली, काडीनं टाचून टोपी केली. पहिल्या दिवसाचा मुक्काम नदीपाशी; तिथे पोचल्या तेव्हा टोपीला दोनच पानं उरली होती.

"घाबरले हो मी," मॅडम म्हणाल्या. "हे असंच ठेवा."

दुरुस्त्यांची यादी मात्र लांबलचक आली. प्रोजेक्ट वाचला. तेव्हापासून पहिली टेस्ट आम्ही नागपूरबाहेरच्या माणसाकडून करून घेतो. अंगवळणी पडलेली गोष्ट रेसिपीत लिहायची राहून जाते.

त्या दिवशी कॉल संपताच मी समोसे आणायला धावत खाली उतरले. बाहेरही मे महिन्याचंच ऊन होतं. गेटपाशी पोचते न पोचते तोच वरून नितीनभाऊ ओरडले, "डोक्याले काही बांधशील का नाही वं?"

मी दुपट्टा घ्यायला परत वर गेले.