हातावर ठेवलेले पैसे जमेत धरायचे की खर्चात?

मागच्या महिन्यात नाशिकरोडला घरी बसल्या बसल्या मी श्रीमंत झालो आणि संध्याकाळपर्यंत कंगाल. कसं ते मला अजून नीट कळलेलं नाही... तुम्हीच सांगा.

व्हिएतनामला निघालो होतो. पहिलीच फॉरेन ट्रिप, तीही एकट्याने. पावसाळाभर इगतपुरीच्या कॅम्पवर लोकांना डोंगर चढवून-उतरवून साठवलेले पैसे, त्यात विमानाचं सगळ्यात स्वस्त तिकीट. म्हणजे सोबत फक्त सात किलोची सॅक, विमानात मोठी बॅग टाकायची तर वेगळे पैसे भरा.

व्हिसा, हॉस्टेल, बस, खाणं... सगळं मोबाइलवर मांडलं आणि खाली बरोबर एका गोष्टीपुरते पैसे उरले. समुद्रात उभ्या असलेल्या डोंगरांमधून जाणारी बोट, रात्री तिच्यावरच झोपायचं. खरं तर त्या बोटीपायीच तिकीट काढलं होतं. (बोटीचे व्हिडिओ शोधताना मी अख्खी दुपार कासवांचे व्हिडिओ बघत बसलो, पण ते जाऊ दे.)

आईने बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली. झालं. शेजारच्या काकू आल्या आणि हातावर पाचशे ठेवून गेल्या. नामपूरच्या मामाने, कांद्याचा व्यापारी माणूस, सरळ दोन हजार मोबाइलवर पाठवले.

आपल्याकडे कोणी लांब निघालं की हातावर काहीतरी ठेवतातच. मी खूश. सगळे जमेत धरले आणि बोटीवर खिडकीवाली खोली बघायला लागलो.

तेवढ्यात आई मोबाइलमध्ये डोकावली. "हे जमेत कुठे धरतोस? येताना प्रत्येकासाठी काहीतरी आणावं लागतं."

"पण कोणी काही आणायला सांगितलंच नाही..."

"सांगत नसतात. समजायचं असतं."

मग परत मांडलं. काकूंना काहीतरी. मामाला, मामीला, त्यांच्या दोन्ही मुलींना काहीतरी. एवढं सात किलोत मावणार नाही, म्हणजे बॅगेचे पैसे भरा. ते भरले की बोट गेली. म्हणजे जितके पैसे हातात येत होते, तितका मी गरीब होत होतो! कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, पण पूर्ण केलं असतं तरी हे कोणी शिकवलं नसतं.

आता फक्त चांदवडची आत्या राहिली होती. "भेटल्याशिवाय जायचं नाही," हे आईचं फर्मान. बसमध्येच ठरवलं, तिच्याकडून काहीही झालं तरी पैसे घ्यायचे नाहीत. वाटेत पिंपळगावला पेरू दिसले म्हणून उतरलो, मग दुसरी बस पकडली... पोहोचायला उशीरच झाला.

आत्या एकटीच राहते. जेवू घातलं, विमान किती वर जातं ते विचारलं. निघताना बटव्यातून बारीक घडी केलेली दोनशेची नोट काढली. मी हात मागे घेतला. "नको आत्या. खरंच नको."

तिचा हात तसाच पुढे. चेहरा मात्र पडला. "कमी वाटले का रं?"

मग घाईघाईने सगळं सांगून टाकलं... सात किलो, बॅग, बोट, काकू, मामा. तिने ऐकून घेतलं आणि हसायलाच लागली.

"मेल्या, तुला आणाया कोण सांगतंय? जावयानं बँकॉकहून आणलेली ती हात हलवणारी शोभेची मांजर पडलीय की कपाटात. माझ्या पैशाचं तिकडं कायतरी खा-पी, आन् फोन करून सांग कसं लागलं ते. मी काय आता इमानात बसायची नाय. तेवढंच माझं बी जाणं झालं."

मी गुपचूप नोट घेतली.

परतीच्या बसमधून मामाला फोन लावला आणि थेट विचारलं, काय आणू? मामा घाबरलाच. "काहीच आणू नको भो! तू आणशील, मग तुझी मामी तुझ्या आईला साडी घेईल, मग तुझी आई आमच्या पोरींना ड्रेस घेईल... हे थांबतच नाही!"

घरी येऊन आईला सांगितलं. तर ती माझ्यावरच. "तो नको म्हणणारच. आणि असं विचारतात का कोणी?"

"मग आणू की नको?"

"बघ तुझं तू."

मी बघितलं. बॅगेचे पैसे भरले नाहीत. काकू आणि मामाकडे कॉफीची छोटी पाकिटं जातील, सॅकच्या कोपऱ्यात मावतील तेवढी. आता मी व्हिएतनाममध्ये, बोट उद्या आहे. खिडकीवाली खोली नाही, पण बोट आहे!

आणि काल सकाळी इथे हनोईत, एका गल्लीत, लहान मुलांच्या असतात तसल्या स्टुलावर बसून आत्याच्या पैशाची कॉफी मागवली. इथली फेमस, अंडं फेटून घातलेली. लगेच व्हिडिओ कॉल लावला.

"आत्या, ही बघ तुझी कॉफी. यात अंडं असतं."

"अंडं?" आत्या किंचाळली. "आरं, आज सोमवार हाय! माझा उपास हाय! माझ्या पैशानं अंडं खातूस व्हय?"

कप माझ्या हातात तसाच. पिऊ की ठेवू? तिच्या पैशाचं, म्हणजे तिनेच प्यायल्यासारखं, असं तीच म्हणाली होती ना? मग उपास मोडला कोणाचा?

मग आत्या स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन, हळू आवाजात...

"बरं, लागतं कसं?"

चांगलं लागतं आत्या. गोड, दाट, बासुंदीच्या जवळपास. तुझे दोनशे जमेत धरायचे की खर्चात, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण या ट्रिपमधला सगळ्यात भारी घोट त्यांचाच होता. थँक्यू... आणि सोमवारचं तेवढं महादेवाला तूच समजाव.