संमोहनावर काढलेलं लायसन्स

शारजात ड्रायव्हिंग टेस्टला मी इतक्या वेळा नापास झालो होतो, की तिथली मांजरंसुद्धा मला गाडीकडे जाताना बघून भिंतीवर चढून बसायची. पुण्याच्या गल्लीबोळांतून फियाट काढणारा मी, पण शेजारच्या सीटवर युनिफॉर्म बसला की क्लचवरचा पाय असा थरथरे, की बंद गाडीही चालू वाटावी.

हसण्यावारी न्यायची वेळ मात्र गेली होती. रास अल खैमाच्या सिमेंट फॅक्टऱ्यांत पंप विकणं हे माझं काम, आणि मॅनेजरने सांगून टाकलं होतं, "या महिन्यात लायसन्स नाही, तर व्हिसा रिन्यू नाही. खलास." म्हणजे बायको, मुलगी, मी, सगळ्यांचीच परतीची तिकिटं.

शेवटी बायकोने मला अल मजाजच्या आमच्याच टॉवरमधल्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. त्या दातांच्या डॉक्टर, मूळच्या नागपूरच्या. सुईला घाबरणाऱ्या पेशंटांवर त्या संमोहन वापरत.

"ताई, हे भानामतीसारखं काही नाही ना?" बायकोने विचारलं.

"मालिका बघताना दूध उतू जातं ना तुमचं? तसंच हे. झोप नाही, बेशुद्धी नाही. लक्ष एका जागी गोळा होतं, बाकीचं मागे पडतं, आणि तेव्हा मनाला सांगितलेलं चांगलं रुजतं. भीती उतरते, दुखणं सोसतं, कुणाची नखं खायची सवय सुटते. पण माणसाला जे करायचंच नाही, ते करवून घेता येत नाही."

"म्हणजे भांडी घासून घेता येणार नाहीत."

"आणि गाडी येत नसेल तर तीही येणार नाही," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

त्यांनी मला एसीच्या जाळीवर नजर ठेवून सावकाश श्वास घ्यायला लावला. हात इतके जड झाले, की खुर्चीसकट खालच्या मजल्यावर उतरतो असं वाटलं. मग त्यांनी एक खूण ठरवून दिली: 'यल्ला', म्हणजे अरबीतलं 'चल', ऐकलं की खांदे सैल, पाय शांत. गाडी काढायला सांगताना परीक्षक यल्लाच म्हणतो, ही माहिती माझी. आठवडाभर बायको यल्ला म्हणे आणि मी उन्हातल्या लोण्यासारखा पसरे.

टेस्टच्या दिवशी एका गाडीत आम्ही तिघे उमेदवार. मल्याळी भाऊ फुटपाथवर चढला. पठाणाने सिग्नल न देता लेन बदलली. दोघेही मागे जाऊन बसले. आता मी. सीट, आरसा, बेल्ट. परीक्षकाने बोट पुढे केलं आणि तोंड मिटून बसला.

मी वाट बघत राहिलो. पाय थरथरायला लागला. तळहातांतून शारजाचं खालिद लगून तळं भरेल एवढा घाम.

"भाईसाब, चलाओ," मागून पठाण कुजबुजला.

परीक्षकाने पेनचं टोपण काढलं. पेन कागदाला टेकलं की आमचं बिऱ्हाड विमानात.

"सर," मी म्हणालो, "प्लीज, आप यल्ला बोलिए."

त्याने काळा चष्मा नाकावर उतरवला. "क्या?"

तो काही म्हणणार नव्हता. पण शब्द कानावर पडायला हवा होता, कुणाच्या तोंडून हे कुठे ठरलं होतं? मीच म्हणालो, "यल्ला." मोठ्याने, युनिफॉर्मच्या तोंडावर.

मागे दोघांनी श्वास रोखला. माझे खांदे मात्र उतरले. पाय थांबला. गिअर पडला. राउंडअबाऊटवर डावीकडून पाण्याचा टँकर सुसाट आला. मी थांबलो, त्याला जाऊ दिलं, मग आत शिरलो. परत येऊन गाडी लावेपर्यंत परीक्षक माझ्याकडेच बघत होता.

"ऑफिस जाओ. फोटो दो," तो म्हणाला. "पोलीस को कभी यल्ला नहीं बोलना."

बाहेर बायको आणि मुलगी सावली धरून उभ्या होत्या. माझा चेहरा अजून सैल, जबडा लोंबता. बायकोने एकदाच पाहिलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "भांडी इथेच विकू."

"इट्स ओके, बाबा," मुलगी म्हणाली.

जीभ जड झालेली, मोठी बातमी उचलेना. "पर्समध्ये माझा फोटो आहे का?" मी विचारलं. "लायसन्सवर लावायला मागतायत."

बायकोने पर्स उघडली. घाईत तिने सगळी पर्सच पायाशी उपडी केली, फोटो शेवटी मुलीने उचलून दिला.