दुधाबरोबरची गोळी

बनारसच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या नंदाबाई महाहट्टी. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, पण पाढे पाठ केल्याशिवाय एकीलाही सोडलं नाही. यंदा मात्र बाईंना स्वतःच्याच रक्तानं जेरीस आणलं. गर्भाशयात गाठी झालेल्या, अंगावरून फार जायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिमोग्लोबिन दहावर आणा, मगच ऑपरेशन. ते होतं पावणेआठ.

बाईंनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. एक दिवस चुकवला नाही. दोन महिन्यांनी तपासलं, तर जेमतेम आठ. मग महागाची कॅप्सूल झाली, सिरप झालं, तरी आकडा ढिम्म हलेना. बालाजी घाटाच्या पायऱ्या चढताना चारदा बसावं लागे. मनातून बाई धास्तावल्या होत्या, पण बोलतील तर शपथ.

लेक ईशानी लखनौला आहारशास्त्र शिकते. सुट्टीत आली आणि सकाळी आईकडे बघत उभी राहिली. घरची रीत अशी, की नैवेद्याआधी तोंडात काही घालायचं नाही, औषधसुद्धा. नवऱ्याची, वेणीमाधवपंतांची, पूजा आटोपली, नैवेद्याचं दूध आलं आणि बाईंनी त्याच पेल्याबरोबर सिरप घेतलं.

"आई, रोज असंच घेतेस?"

"मग काय उसाच्या रसाबरोबर घेऊ?"

"अगं, दुधातलं कॅल्शियम लोह नीट अंगी लागू देत नाही. गोळी असो की सिरप, तेच. उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घे, आणि दूध-चहा दोन घंटे नंतर."

बाईंना स्वतःचाच संताप आला. चार महिने पाण्यात गेले होते.

"उद्यापासून मी पूजेआधी गोळी घेणार," त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं.

पंत चपापले. "नैवेद्याआधी? चार पिढ्यांत कुणी असं केलं नाही."

"त्यांच्यातल्या कुणाचं ऑपरेशन अडलं नव्हतं. देवाला राग आला तर तो माझ्याशी बोलेल. तुम्ही मध्ये पडू नका."

दुसऱ्या दिवसापासून बाई पहाटे उठून लिंबू पिळू लागल्या. जेवणावरचा चहा सोडला, आणि बनारसमध्ये चहा सोडणं काय असतं ते विचारू नका. पुढचे दहा आठवडे घड्याळ लावून काढले.

रिपोर्ट आला. दहा पूर्णांक दोन. ऑपरेशनची तारीखही मिळाली. पंतांनी कागद दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते ना," नंदाबाई म्हणाल्या. "पण आता भ्यायला अंगात रक्त तरी आहे."