वाळूतला मोकळा फेरा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठल्या दरोड्यात कोण सापडला, कुठल्या भांडणात कुणाचं डोकं फुटलं, यात माझा घोळ होतो आणि बायको हसते. एका प्रकरणाच्या बाबतीत मात्र तसं कधी झालं नाही. त्यातल्या दोन भावांचे चेहरे आजही डोळे न मिटता दिसतात.

तेव्हा मी बसवकल्याण तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. आमच्या ठाण्यात फिर्याद मराठीत यायची, शिवीगाळ दख्खनीत व्हायची आणि कागद कन्नडात तयार व्हायचे. ठाण्याचा ताबा घेतला तेव्हा राजेश्वरजवळच्या एका वस्तीवरचं खुनाचं प्रकरण न्यायालयात गेलेलं होतं. मेंढरं राखणाऱ्या घरातले दोन भाऊ. बाप वारलेला. धाकट्याला मेंढरं विकून आखातात जायचं होतं. थोरला म्हणे, बापाचा कळप विकायचा नाही. एका संध्याकाळी शब्दाला शब्द वाढला आणि थोरल्यानं हातातली काठी धाकट्याच्या कपाळावर घातली. धाकटा रक्तबंबाळ होऊन रानात पळाला तो परत आला नाही. दोन पावसाळे गेले आणि त्याच शिवारातल्या पडक्या विहिरीत हाडं सापडली. सोबत चौकड्याच्या शर्टाचा तुकडा.

थोरल्यानं तुकडा बघितला आणि पंचांसमोरच खाली बसला. "माझ्या भावाचाच हाय. माझ्याच मारानं मेला, रक्त डोळ्यात जाऊन हिरीत पडला आसंल," एवढंच बोलला. त्याला कुणी हात लावला नव्हता, धमकावलं नव्हतं. आपणहून कबुली देणारा आरोपी मिळाला की पोलिसाला दुपारची झोप चांगली लागते. माझ्या आधीच्या अधिकाऱ्यानं रीतसर आरोपपत्र दाखल केलं. थोरला जामीन मागत नव्हता, वकील नको म्हणत होता. पुढच्या तारखेला न्यायाधीशांसमोर गुन्हा कबूल करणार, असं त्यानं जेलरला सांगून ठेवलं होतं. एकदा तिथं कबुली नोंदली गेली की उरलेला जन्म आत गेला असता.

तारीख तोंडावर आली असताना एके सकाळी आळंदचे एक तुरीचे व्यापारी बायकोला घेऊन ठाण्यात आले. शेटजींच्या कपाळावर भस्म, चेहऱ्यावर नाखुशी. खुर्चीत बसताबसताच म्हणाले, "साहेब, आमचं नाव कुठं यायला नको. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू न्हाई म्हणतेत."

"मग बाहेर बसा तुम्ही," बाई म्हणाल्या. "मी चढते."

त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. अक्का सांगायला लागल्या ती कसली फिर्याद आहे हे पहिली दहा मिनिटं मला कळेना. व्यापाऱ्यांच्या एका गटासोबत हे जोडपं लेकरांच्या सुट्टीत आखातातल्या एका किनाऱ्यावर सहलीला गेलं होतं. तिथं मोठ्या चाकांच्या जीपमधून वाळवंट दाखवतात, चालवणाराच सगळी माहिती सांगतो. अक्कांना जायचं नव्हतं, कारण तो नेमका येळवसेचा दिवस होता.

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. आमच्या सीमाभागात त्या दिवशी गावं ओस पडतात. सगळं घर शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि घरचा कर्ता ताकात ज्वारीचं पीठ घातलेली आंबील उभ्या पिकाभोवती शिंपडत फेरा मारतो. तोंडानं "ओलगे ओलगे, सालम पोलगे" असा पुकारा चालतो. त्याचा अर्थ मला कुणी धड सांगितलेला नाही, पण तो ऐकला की पोटात भूक लागते.

"शेत सोडून येळवसेला परमुलखात आले म्हणून मला रडू यायलं होतं," अक्का म्हणाल्या. "हे म्हणाले, वाळू बी जमीनच की."

शेटजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

मी विचारलं, "पुढं काय झालं?"

"डायवर नुसता हिंदीत बोलायचा. डोक्याला फडकं, डोळ्यावर काळा चष्मा. वाळू लागायच्या आधी चाकांची हवा कमी केली. म्हणाला, भरल्या चाकानं वाळू धरत न्हाई. आन् चढावर गाडी थांबवायची न्हाई, थांबली की रुतली. मग जी पळवली! वाळूच्या डोंगरावर चढायची, तिरपी होऊन खाली उतरायची. लेकरं वरडायलीत, ह्यांनी डोळे गच्च मिटलेले."

"मिटले नव्हते," शेटजी म्हणाले.

"मिटले होते. शेवटच्या डोंगरावरून खाली बघितलं तर वाळू सरळ समुद्रात गेलेली. तिथं त्यानं आमाला फोटोला उतरवलं. मी मागं वळून बघते तर हा एकटाच गाडीभोवती फिरायलाय. पहिला फेरा हात जोडून, नुसताच. मग ताकाची बाटली काढली आन् दुसऱ्या फेऱ्याला ताक शिंपडायला लागला. ओठातल्या ओठात ओलगे ओलगे. माझ्या अंगावर काटा आला, साहेब. मी विचारलं, कुठला रे बाबा तू? तर म्हणतो, हैदराबाद."

अक्कांनी त्याला सोबत नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. तो पाठ करून जेवला. परतताना त्याच्यानं राहवलं नाही. मराठीत विचारलं, "राजेश्वरच्या अंगाला तुरी कशा हायेत औंदा?" अक्का म्हणाल्या, तुरी बऱ्या आहेत, माणसं वाईट. तिथं एका भावानं सख्ख्या भावाला मारून विहिरीत टाकलं, आता आत बसलाय.

"आन् त्यानं गाडी थांबवली," अक्का म्हणाल्या. "ऐन चढावर. आमाला सांगितलं होतं की थांबवू न्हाई, आन् सोताच थांबवली. चाकं बुडाली. दुसऱ्या गाडीनं दोर लावून वढून काढलं. तवर तो वाळूत बसून होता. मला तर वाटतं साहेब, मेला म्हणतेत तो भाऊ हाच."

मी अक्कांचा जबाब उलटसुलट तपासला. पुन्हा पुन्हा तेच विचारलं, मध्येच चुकीचं सांगून बघितलं. बाई एकदाही डळमळली नाही. त्यांच्याकडे फोटो होता, पण त्यात फडकं, चष्मा आणि ऊन एवढंच दिसत होतं. जीपवाल्यांचं कार्ड मात्र शेटजींच्या पाकिटात सापडलं.

आता कुणीही म्हणेल, फोटो नेऊन थोरल्याला दाखवायचा. मी तसं केलं नाही. जो माणूस भाऊ मेला म्हणून फाशीला तयार आहे, त्याच्या हातात असला फोटो देणं म्हणजे क्रूरपणा. हा माझा भाऊच, असं तो म्हणाला असता, आणि उद्या फोटोतला माणूस दुसराच कुणी निघाला तर? शिवाय आपल्याला जे हवंय ते कधीही साक्षीदाराच्या तोंडी घालू नये. एकदा घातलं की ते त्याचं राहत नाही, आपलं होतं.

अक्कांच्या जबाबातली एक गोष्ट मला टोचत होती. येळवसेला मी जन्मभर फेरे पाहिले, पण आधी हात जोडून मारलेला नुसता फेरा कुठं पाहिला नव्हता. हवालदाराला विचारलं, दोन-तीन वस्त्यांवर विचारलं. सगळे नाही म्हणाले.

पुढील तपासाची न्यायालयाकडून परवानगी घेऊन मी जिल्हा तुरुंगात गेलो. थोरला समोर येऊन बसला. माणूस हाडापेरानं मोठा, पण अंगातून हवा काढून घेतल्यासारखा. मी इकडचं तिकडचं विचारलं. मेंढरं कोण बघतं, पाऊस कसा झाला. मग म्हणालो, "येळवस कशी करता तुमच्यात?"

त्यानं माझ्याकडे संशयानं बघितलं. "करतो की. समद्यासारखी."

"फेरा कसा मारता?"

हाताची बोटं मोडत राहिला. मग म्हणाला, "आमच्यात दोन फेरे आसतेत, साहेब. बाप गेला त्या साली धाकटा लई रडायला. आंबिलीला हात लावंना. म्हणला, फेरा आप्पाचा हाय, आपण कामून मारायचा? मग म्याच रीत घातली. पहिला फेरा आप्पाचा, मोकळ्या हातानं. त्यो पुढं चाललाय आसं समजायचं. मग दुसरा आपला, आंबील घेऊन. गावात दुसऱ्या कुणाच्यात न्हाई आसं."

मला एकदम उठून त्याला मिठी मारावीशी वाटली. पोलिसाच्या अंगावर वर्दी असते ती अशा वेळी उपयोगी पडते. मी जागचा हललो नाही.

तोच पुढं बोलला. "हितं आंगणात लिंबाचं झाड हाय. औंदा त्याच्याभवती मारले फेरे. दोन्ही मोकळेच. एक आप्पाचा, एक त्याचा."

ठाण्यात परतल्यावर मी वरिष्ठांना कळवलं. वकिलातीमार्फत रीतसर पत्र गेलं, पण सरकारी पत्र बैलगाडीनं जातं आणि न्यायालयाची तारीख मोटारीनं येते. म्हणून वरिष्ठांच्या परवानगीनं अक्कांना बोलावून कार्डावरचा नंबर लावला. मी लावला असता तर त्यानं पोलिसाचा आवाज ऐकूनच फोन ठेवला असता.

अक्कांनी ओळख दिली. मग तो म्हणाला, "अक्का, म्या परक्या नावाच्या पासपोर्टवर आलोय. निघालो तर हितंबी जेल आन् तिथंबी जेल."

"आरं पण तुझा भाऊ आत हाय."

"बसू द्या. कपाळ फोडलं माझं. त्याच्या लेखी म्या मेलोच होतो, मंग बसू द्या की."

अक्कांनी रिसिव्हर माझ्या हातात दिला. त्यांचे डोळे भरले होते. मी त्याला कायदा सांगितला नाही, दरडावलं नाही. तुरुंगातलं लिंबाचं झाड आणि दोन मोकळे फेरे, एवढंच सांगितलं. तुझा भाऊ पुढच्या तारखेला गुन्हा कबूल करणार आहे, हेही सांगितलं. पलीकडून रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

दोन-तीन दिवस काहीच कळलं नाही. मला वाटलं, पळाला. माणसं ओळखण्याचा माझा सगळा तोरा तेव्हा उतरला होता. मग वकिलातीतून निरोप आला की तो स्वतः हजर झाला आहे. तारीख वाढवून मिळाली. तिथले सोपस्कार उरकून तो परतला आणि हैदराबादच्या विमानतळावर आमच्या ताब्यात आला. कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत व्रण होता.

न्यायालयात धाकट्याला उभं केलं, तेव्हा आधी सांगूनही थोरल्याचा विश्वास बसला नव्हता. तो पुढं झाला. शिपाई अडवायला निघाला, न्यायाधीशांनी हातानं थांबवलं. थोरल्यानं अंगठ्यानं तो व्रण चाचपला. पुन्हा चाचपला. मग म्हणाला, "केस कामून इतके वाढिवलास?" आणि आरोपीच्या पिंजऱ्याला धरून लहान मुलासारखा रडला. मीही रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

हाडं दुसऱ्याच कुणाची होती. कुणाची, ते अखेरपर्यंत कळलं नाही. तसले चौकड्याचे शर्ट राजेश्वरच्या बाजारात ढिगानं मिळत. तुकडा ओळखला होता तो थोरल्याच्या डोळ्यांनी नव्हे, मनातल्या अपराधीपणानं.

थोरला सुटला. पण परक्या नावाच्या पासपोर्टचा गुन्हा माझ्याच ठाण्यात दाखल करायचा आदेश होता. भावाला सोडवायला आपणहून आलेल्या त्या पोराला मीच अटक केली. स्टेशन डायरीत नोंदही मीच केली. दंड होईल, थोडी शिक्षा होईल, हे मला ठाऊक होतं. पण त्याला कोठडीत घालून कडी मी लावली, हे खरं.

थोरला तुरुंगातून सुटून घरी न जाता थेट ठाण्यात आला. काखेत गाठोडं. कोठडीकडे बघून मला म्हणाला, "साहेब, ह्याला आत घालायचं होतं, तर मला कामून सोडलंत?"

मी कायद्याचं कलम सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. ऐकणाऱ्या माणसाला समजलं नाही हे ओळखायला अधिकारी असावं लागत नाही.

पुढं कितीतरी वर्षं मी नव्या पोरांना हे प्रकरण सांगत आलो. कबुली मिळाली की आपण तपासाची वही मिटतो. पण माणूस पोलिसाच्या धाकानं जसा खोटं कबूल करतो, तसाच मायेपोटीही करतो, आणि ही दुसरी कबुली ओळखायला फार अवघड, कारण ती देणारा स्वतःच ती खरी मानत असतो. हे मी शिकलो.

त्या दिवशी ठाण्यात मी थोरल्याला म्हणालो होतो, "जा आता घरी. बायको वाट बघत असेल."

तो कोठडीच्या गजांना पाठ लावून जमिनीवर बसला. आतून धाकट्यानं हात बाहेर काढून त्याच्या खांद्यावर ठेवला.

"घरीच आलोय की, साहेब," थोरला म्हणाला.