सपाट रस्त्यावरचा तिसरा गिअर

लेकीने केटरिंगसाठी जुनी ऑटोमॅटिक पिकअप घेतली. परवा आरे कॉलनीतून जाताना तिने विचारलं, "आई, हे ओव्हरड्राइव्हचं बटण कधी चालू ठेवायचं गं?"

"तो सगळ्यात वरचा, टॉप गिअरच ना? मग रस्ता सपाट आणि मोकळा असला की. चढ आला, माल जड असला, की बंद."

मला गाडी चालवता येत नाही. ही अक्कल टेम्पो चालवणाऱ्या माझ्या बाबांची. तेवढ्यात खिडकीतून तबेल्यांचा वास आला आणि मी त्यांच्या टेम्पोत जाऊन बसले.

ऐंशीच्या दशकातली दुपार. माझी मांडवपरतणी आटोपली होती. भांडुपहून बाबा आम्हा नवरा-बायकोला आणि आंदणाचं लोखंडी कपाट गोरेगावला सोडायला निघाले होते. आरेचा चढ संपला, पुढे रस्ता सरळ, रिकामा. तरी गाडी तिसऱ्यातच. इंजिन ओरडत होतं, गिअरचा दांडा थरथरत होता. सपाटीला टॉप टाकत नाहीत म्हणून हेच बाबा बाकीच्या ड्रायव्हरांचा उद्धार करायचे!

शेवटी हे म्हणाले, "बाबा, टॉप टाका ना, रस्ता मोकळा आहे."

"कपाटाला आरसा आहे, फुटेल," बाबा समोर बघत म्हणाले.

मला तेव्हा नवऱ्यापुढे ओशाळल्यासारखं झालं. आरसा तर आईने गोधड्यांत गुंडाळून दोरीने बांधला होता, आणि दोरीचं दुसरं टोक बाबांनीच धरलं होतं.

लेकीने बटण दाबलं. आवाज उतरला, गाडी अलगद पळू लागली.

बरं झालं, बाबांचा टेम्पो ऑटोमॅटिक नव्हता. सपाटी लागताच त्याने आपणहून टॉप टाकला असता, आणि मी लवकर सासरी पोचले असते.