भाऊ आणि न जाळलेला मोह

सोमाजीभाऊंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती.

मी तेव्हा गडचिरोलीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवायला नुकतीच आले होते. माझे गाव साताऱ्याकडचे. भाऊंच्या गावाला वनहक्काचा अर्ज नीट लिहून देणारे कोणीतरी हवे होते आणि एका सहकाऱ्याने माझे नाव सुचवले होते. एसटीतून उतरून गावात गेले तर घरे रिकामी. सगळे मोहाला गेले आहेत, असे एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितले आणि वाट दाखवली. झाडाखाली चार-पाच माणसे वाकून फुले वेचत होती. एक उंच गृहस्थ त्यांच्याकडे पाठ करून, हातात काठी घेऊन उभे होते. मी मागून जाऊन नाव सांगितले. ते वळले नाहीत. मग मी वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"म्याडम, बाजूले व्हा जी," ते म्हणाले.

मी बाजूला झाले. पत्र पाठवून बोलावतात आणि असे वागतात, याचा मला राग आला होता. वेचणाऱ्यांपैकी देवराव नावाचे गृहस्थ हसले.

"रागावू नोका, म्याडम. वाकलेल्या माणसावर तो मागून येते. म्हणून एक जण उभा राह्यते. आज भाऊची पाळी आहे. तुमी भाऊच्या नजरेच्या आड उभ्या राह्यल्या."

"तो म्हणजे कोण?" मी विचारले.

सगळे हसले. जंगलात असताना या गावची माणसे वाघाचे नाव घेत नाहीत, हे मला पुढे कळले. टोपल्या भरल्या, तेव्हा भाऊ वळले आणि म्हणाले, "आता बोला."

त्याला पंधराहून अधिक वर्षे झाली. भाऊंना आता पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. त्यांचे अर्ज, निवेदने आणि अहवाल मी लिहीत आले, म्हणून त्यांच्या पर्यावरणकार्यावरचा लेख गौरवग्रंथाच्या समितीने माझ्याकडे दिला. हे काम सोपे जाईल असे मला वाटले होते. तसे झालेले नाही. भाऊंनी आयुष्यभर जे केले ते बरोबर होते का, असा प्रश्न या वर्षी त्यांच्याच गावात विचारला गेला. विचारणाऱ्या बाईंचा त्यावर पूर्ण अधिकार होता. भाऊंना उत्तर देता आले नाही. तेवढा भाग सोडून उरलेले लिहिता येते का, ते मी पाहिले. येत नाही.

त्यांचे काम एका वाक्यात सांगता येते. त्यांनी लोकांना मोहाखाली आग लावू नका असे सांगितले.

मोहाची फुले पहाटे गळतात. खाली पालापाचोळा असला की ती दिसत नाहीत. म्हणून फुले पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायचा, जमीन काळी करायची आणि तिच्यावर पडलेली पांढरी फुले वेचायची, अशी या भागाची रीत आहे. आग मात्र झाडाखाली थांबत नाही. ती डोंगरावर जाते, आठ-आठ दिवस जळत राहते, आणि उन्हाळ्याच्या शेवटी डोंगर राखेचा दिसतो. भाऊ तरुणपणी आग विझवायला मजुरीवर जात. आपणच लावलेली आग आपणच विझवतो आणि तिची मजुरी घेतो, हे त्यांना पटेना. ते स्वतःच्या झाडाखाली झाडू मारू लागले. पहिली काही वर्षे गावाने त्यांना झाडूवाला भाऊ म्हटले. मग एकेक घर झाडू घेऊन निघाले. पुढे आसपासच्या गावांतही आगी कमी झाल्या. डोंगर हिरवा राहू लागला. नाला पूर्वीपेक्षा उशिरा आटू लागला.

यावर मी पहिला अहवाल लिहिला तेव्हा त्यात एक वाक्य होते: भाऊंनी गावाला जागे केले. भाऊंनी ते ऐकून घेतले.

"म्याडम, मोहाच्या दिवसांत हे गाव पहाटे तीनले उठते," ते म्हणाले. "मीच उशिरा उठतो. मले कोण जागं केलं ते लिवा."

मी वाक्य काढले. त्यानंतर त्यांच्याविषयी लिहिताना मी क्रियापदे जपून वापरते.

भाऊ फार बोलत नाहीत. एकदा मला मलेरिया झाला. मी खोली घेऊन एकटी राहत होते. भाऊ सकाळच्या एसटीने आले, सोबत डब्यात आंबील होती. दिवसभर ते दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिले. तब्येतीबद्दल एक शब्द विचारला नाही. मी झोपले असताना त्यांनी भांडी घासली आणि शेवटच्या गाडीने परत गेले. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी आले नाहीत, तेव्हा मी बरी झाले आहे असे मला समजले.

चंद्रपूरला एका कार्यक्रमात एका मुलीने त्यांना विचारले होते, की या दोन जिल्ह्यांतल्या जंगलाचा मोठा प्रश्न कोणता, खाणी की वाघ आणि माणसांचा संघर्ष? भाऊ म्हणाले, "खाणीचं मले समजते. डोंगर गेला का गेला. तिथी मी उभा राह्यतो. वाघाचं मले समजत नाई, पोरी." सभागृहात लोक हसले. त्यांना ते नम्रतेचे वाटले. मलाही तेव्हा तसेच वाटले होते.

गावाजवळ वाघ दिसू लागला त्या वर्षी भाऊंनी गावातल्या काही जणांना मोहर्लीला, व्याघ्रप्रकल्पाच्या फाटकाशी नेले. वाघ असलेल्या जंगलाशेजारची माणसे कशी राहतात, ते पाहू, असे ते म्हणाले. मी सोबत होते. सफारीच्या गाड्या ओळीने फाटकाकडे निघाल्या होत्या. कॅमेरे घेतलेली माणसे, टोप्या घातलेली मुले. देवराव बराच वेळ पाहत उभे होते. त्यांच्या पत्नी यमुनाबाई शेजारी होत्या.

"हे इतके दुरून याले पाहाले येऊन राह्यले," देवराव म्हणाले. "आपल्या इथी तोच आपल्याले पाहाले येते."

"तुमाले पाहून काय करन तो," यमुनाबाई म्हणाल्या. "पाह्यण्यासारखं काय आहे?"

परतीच्या गाडीत सगळा वेळ या एकाच बोलण्यावर हसणे चालले होते.

देवराव गेल्या वर्षी मोहाच्या दिवसांत गेले. यमुनाबाईंची चार झाडे त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आहेत, पलीकडे जंगल. त्या दिवशी बाई वेचत होत्या आणि देवराव पाठ करून उभे होते. नियम त्यांनी पाळला होता. पण धुऱ्यावरचे वाळलेले गवत कमरेच्या वर होते. उभ्या माणसालाही त्यात दबा धरलेला वाघ दिसला नाही.

या वर्षी मोह गळायच्या आधी ग्रामसभा झाली. चंद्रपूरहून एका संस्थेचे कार्यकर्तेही आले होते. यमुनाबाई उठल्या.

"भाऊ, एकच पुसाचं आहे. माह्या सासऱ्यानं जाळलं, त्याच्या बापानं जाळलं. तुमी म्हटलं जाळू नोका. आमी नाई जाळलं. गवत झालं. गवतात चितळं आले. चितळामांगं तो आला. यात माहं काई चुकलं का?"

"नाई," भाऊ म्हणाले.

"मंग?"

भाऊ म्हणाले, "मंग मले मालूम नाई."

संस्थेच्या कार्यकर्त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली. वाघ वाढले आहेत, त्यांचे जुने मार्ग रस्त्यांनी आणि खाणींनी तुटले आहेत, म्हणून ते नवीन जागा शोधतात, एकट्या गवताला दोष देता येणार नाही. भाऊंनी शांतपणे ऐकले.

"साहेब म्हणते ते बी खरं आहे," ते म्हणाले. "पण बाईच्या झाडाखाली रस्ता नाई, खाण नाई. गवत आहे."

"गवत विळ्याने कापता येईल," कार्यकर्ते म्हणाले.

"कापाले वाकाच लागते, साहेब," यमुनाबाई म्हणाल्या.

मागून एक म्हातारे गृहस्थ बोलले. "पंचाहत्तरीले आले अन् म्हणते मालूम नाई. मंग आमाले तीस वर्षं काऊन शिकवलं जी?"

"तवा मालूम होतं," भाऊ म्हणाले. लोक हसले. भाऊही हसले, आणि मग त्यांनी डोळे पुसले.

धुऱ्यावरच्या झाडांखाली जाळायचे की नाही ते ज्याने त्याने ठरवावे, असा ठराव झाला. तो भाऊंनीच मांडला. ठराव मला लिहायचा होता. मी पेन घेऊन बसले, आणि तीस वर्षांच्या कामाच्या विरुद्ध जाणारे हे वाक्य कोणत्या शब्दांत लिहावे ते मला सुचेना. भाऊ म्हणाले, "जसं बोललो तसंच लिवा."

दुसऱ्या आठवड्यात भाऊ झाडू घेऊन यमुनाबाईंच्या धुऱ्यावर गेले. आग जंगलात जाऊ नये म्हणून त्यांनी चारही झाडांभोवती रुंद पट्टा स्वच्छ झाडून काढला. पाण्याचे हंडे भरून ठेवले. गावातले दहा-बारा जण हातात ओल्या फांद्या घेऊन उभे राहिले. यमुनाबाईंनी पहिल्या झाडाखाली काडी लावली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. भाऊ फांदीने कडा झोडत होते. धुरामुळे त्यांना खोकला आला, पण ते बाजूला झाले नाहीत.

चौथ्या झाडाशी यमुनाबाईंनी काडेपेटी कमरेला खोचली.

"याले राहू द्या."

"काऊन?" भाऊंनी विचारले.

"पाहू दे काय होते ते. जाळलेलं बी आहे, न जाळलेलं बी आहे."

भाऊ खाली बसले. "तीस वर्षं झाले," ते म्हणाले. "हे मले काऊन नाई सुचलं?"

"तुमाले मालूम होतं ना," यमुनाबाई म्हणाल्या.

हा प्रसंग लेखात घेऊ नये, असे समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांचे मत होते. गौरवग्रंथात प्रश्न कशाला, उत्तरे असावीत, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे मला अयोग्य वाटले नाही. मी भाऊंना विचारले. "तेवढंच लिवा," ते म्हणाले. "बाकीचं लोकायले मालूम आहे." मी थोडे बाकीचेही लिहिले आहे, त्याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

पावसाळा संपल्यावर मी त्या धुऱ्यावर जाऊन आले. चौथ्या झाडाखाली मोहाची रोपे उगवली आहेत, वीतभर उंचीची. जाळलेल्या तीन झाडांखाली एकही नाही. पण या वर्षी यमुनाबाईंनी जी फुले वेचली ती त्या तीन झाडांखाली. तिथे जमीन दूरपर्यंत दिसत होती. चौथ्याची फुले गवतात पडली आणि तिथेच वाळली. तिकडे त्या अजून जात नाहीत.

या दोन गोष्टींपैकी कोणती मोठी मानावी, हे मला कळत नाही. झाडे म्हातारी होत आहेत आणि मागे रोपे नाहीत, हे खरे आहे. देवराव नाहीत, हेही खरे आहे. मी भाऊंना विचारले, तर ते रोपाच्या पानावरची माती बोटाने पुसत होते.

"हे फुलावर याले दहा-बारा वर्षं लागते," ते म्हणाले. "तवा सांगतो."

अशा ग्रंथात शेवटी सत्कारमूर्तींना दीर्घायुष्य चिंतायचे असते. आम्हा सर्वांना ते या वेळी मनापासून हवे आहे. भाऊंना आणखी दहा-बारा वर्षे मिळोत, चालते पाय आणि चांगली नजर मिळो. आणि यमुनाबाईंनाही मिळो. भाऊंना जे सांगायचे आहे ते यमुनाबाईंनाच सांगायचे आहे.