अप्पांची पडद्यावरची चिता

देवणीच्या स्टँडवर उदगीरच्या एस.टी.त बसलो तेव्हा अव्वा खिडकीशी येऊन उभी राहिली. आमच्यात आईला अव्वा म्हणतात आणि वडिलांना अप्पा. अप्पांना जाऊन थोडेच महिने झाले होते, दुष्काळ मात्र कुठंच गेला नव्हता. आमच्या किराणा दुकानात विकायला मीठ आणि काडेपेट्या उरल्या होत्या. कॉलेजात लिहिलेल्या एका एकांकिकेला बक्षीस मिळालं होतं, तेवढ्या भांडवलावर मी नाटककार व्हायला मुंबईला निघालो होतो. अव्वा म्हणाली, "जा बाबा. इथं बसून तरी काय करायलास? नाटकं लिव. पर खोटं लिवू नको, वाचणारे लई वळखीचे हायत." गाडी हलली तरी ती रडली नाही. पदर तोंडाला लावला तो धुळीसाठी.

मुंबईच्या नाटकवाल्यांनी मला डोक्यावर घेतलं, कारण त्यांना माझ्या अंगाला मातीचा वास येत होता. ज्यांच्या पायाला कधी ढेकूळ लागलं नाही अशांनाच हा वास दुरून येतो. मी दुष्काळावर नाटक लिहिलं. मध्यंतरात रेशमी साडीतल्या एक बाई बटाटेवडा खात मला म्हणाल्या, "अहो, किती हलवून टाकलंत!" त्या हलल्या असतीलही, वडा काही हातून पडला नव्हता. नट गालांना काजळ फासून, खांदे पाडून स्टेजभर रांगायचे. मी सांगत होतो की उपाशी माणूस असा रांगत नाही, तो चिडतो. आमच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया मुकादमाची नक्कल करून इतक्या हसायच्या की हातातली सरकारनं वाटलेली सुकडी सांडायची. हे ऐकून सगळे माझ्याकडं दयेनं बघायचे. उपाशी माणसं हसली तर मुंबईच्या प्रेक्षकाला तिकिटाचं चीज झाल्यासारखं वाटत नसे.

मग एका दिग्दर्शकानं सिनेमा लिहायला बोलावलं. त्याचं नाव घेत नाही, घेण्याच्या लायकीचं नाही. त्या सिनेमात मी अप्पांचं मरण लिहिलं, जसं झालं तसंच. आम्ही लिंगायत. मेलेल्या माणसाला आम्ही जाळत नाही. भस्म लावून, तळहातावर लिंग ठेवून, मांडी घातलेला तसाच त्याला खड्ड्यात बसवतो आणि माती देतो. अप्पा गेले तेव्हा जमीन अशी वाळली होती की आमच्या भाऊबंदांची कुदळ आपटून मागं यायची. गादीवर बसून तराजू धरलेले हात ते, दुपारपर्यंत गुडघाभर खड्डा झाला नाही. शेवटी रस्त्याच्या कामावरून बौद्धवाड्यातला लक्ष्मण आणि त्याचे सोबती पहारी घेऊन आले. कुणी बोलवायला गेलं नव्हतं. अप्पांनी जन्मभर या माणसांना दुकानाच्या ओट्यावर चढू दिलं नाही. खाली उभं करून त्यांच्या फडक्यात सामान टाकलं. त्यांनीच अप्पांना बसायला जागा केली. माझ्या लेखी अख्खा सिनेमा या एका सीनसाठी होता.

शूटिंगला मला बोलावलंच नाही. लेखक सेटवर आला की कामाचा खोळंबा होतो म्हणे. सिनेमा पूर्ण झाला त्याच सुमारास लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवा कलेक्टर मिळाला, कचेऱ्यांवर ओल्या रंगाच्या पाट्या लागल्या, आता सत्काराला स्वतःचा एखादा लेखक हवा होता. मला शोधून काढून 'जिल्ह्याचे सुपुत्र' केलं आणि लातूरच्या टॉकीजमध्ये सिनेमाचा खास खेळ ठेवला. अव्वाला देवणीहून जीपनं आणून पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं. तिला एवढंच सांगितलं होतं, की यात आपले अप्पा आहेत.

पडद्यावर अप्पा मेले. आणि दिग्दर्शकानं त्यांना जाळलं. चांगली पुरुषभर उंचीची चिता, सागवानी ओंडके, तुपाची धार, वर सारंगी. लक्ष्मण नाही, पहारी नाहीत, खड्डाच नाही. तेवढ्यात मागून एक म्हातारा मोठ्यानं बोलला, "आरं, चुलीला काटकी न्हवती त्या साली! ह्येनं एवढं सरपण कुठनं आणलं? किनवटचं जंगल तोडलं का काय?" अख्खी टॉकीज हसली. माझे वडील समोर जळत होते आणि नवा जिल्हा पोट धरून हसत होता. त्यांना मी दोष देत नाही, तिथं खरं बोलणारा तो म्हातारा एकटाच होता.

नंतर मी दिग्दर्शकाला जाब विचारला. तो म्हणाला, "बसलेलं प्रेत प्रेक्षकाला कळत नाही हो. आग कळते." पुढं त्याला त्याच आगीसाठी बक्षीस मिळालं. पण सत्कार करणारे आमचे लातूरचे लिंगायत शेठ काय वेगळे? खेळ सुटल्यावर गळ्यात हार घालता घालता ते माझ्यावर तापले, लिंगायताला जाळलं म्हणून. लक्ष्मण कुठं गेला, हे एकानंही विचारलं नाही. तो गेला ते त्यांना बरंच वाटलं असणार.

विचारलं अव्वानं. जीप लातूरबाहेर पडली. मग ती म्हणाली, "लक्ष्मण कुठं गेला रे? त्येनं बसवलं मानसाला, अन् तुमी जाळून मोकळे झालात." मी दिग्दर्शकाचं सांगू लागलो. तिनं हात वर केला. "तू केलं का त्येनं केलं, मला कळत न्हाई. मी मेल्यावर माझं कुठं दाखवू नको. तेवढं ठेव माझं." मी हो म्हणालो. तिचा विश्वास बसला की नाही, ते तिच्या तोंडावरून समजलं नाही, आणि पुढं इतकी वर्षं तेच मला टोचत राहिलं.

त्यानंतर मी मालिका लिहिल्या. मालिकेत माणूस मरत नाही, मेलाच तर टीआरपी पडल्यावर परत येतो. चॅनेलच्या मीटिंगमध्ये काल कॉलेज सुटलेली पोरं कॉफी ढवळत म्हणतात, "सर, तुमच्या गावाकडचं काहीतरी इमोशनल द्या ना." मी म्हणतो, आमच्या गावाकडं काही घडत नाही. अव्वा गेल्यावर तेराव्या दिवशीही त्यांच्यातल्या एकाचा हेच मागायला फोन आला होता. त्याला मी आमच्या बोलीतली एक शिवी दिली. त्यानं ती पुढच्या एपिसोडला वापरली.

गावी राहिलेले तुम्ही विचारता, आता तुझं घर कुठलं. माझ्यासारखे बाहेर पडलेले तर सारखे घराबद्दल लिहीत असतात, पुरणपोळीसकट. मी एवढंच सांगतो. अव्वा गेली तेव्हा मी वेळेवर पोचलो. तिच्या मातीला माझा हात लागला. खड्डा कुणी खणला, कोण रडलं, कोण काय बोललं, हे जे तिथं होते त्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांना मी सांगणार नाही.